घट नाही, हे कशावरून? सर्पिल दीर्घिकांच्या गटांतला तप्त वायू

मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, दोन दीर्घिकांच्या मधल्या जागेत काय असतं? वेळ संपत आली होती, आम्ही घाईघाईत ‘जवळजवळ काही नाही’ असं सांगून मोकळे झालो. घरी जाताना रुखरुख लागली. कारण ‘काही नाही’ हे उत्तर देणं फार सोपं असतं आणि सिद्ध करणं फार अवघड. आयुष्याची पस्तीसेक वर्षं आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘अभाव’ शिकवला. फळ्यावर ‘भूतले घटो नास्ति’ लिहायचं, म्हणजे जमिनीवर घडा नाही, आणि मग पोरांना विचारायचं, नाही हे तुला कळलं कसं? मागच्या बाकावरची मंडळी खिडकीबाहेर बघायची. त्यांना आज आम्ही दोष देत नाही. त्या वेळी आमच्याकडे चांगलं उदाहरण नव्हतं. आज आहे, आणि ते सुमारे अठरा-एकोणीस कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. तिथपर्यंत पोचायला जरा वेळ लागेल.

सुरुवात फ्रान्समध्ये करू. मार्सेयच्या वेधशाळेचे संचालक एद्वार स्तेफान यांच्याकडे ८० सेंटिमीटर व्यासाचा, काचेवर चांदीचा मुलामा दिलेला आरसा असलेली फूकोची दुर्बीण होती. १८७७ साली त्यांनी महाश्व तारकासमूहात एकमेकांना चिकटून असलेल्या पाच अंधूक ठिपक्यांची नोंद केली. महाश्व म्हणजे पूर्वाभाद्रपदा आणि उत्तराभाद्रपदा या नक्षत्रांचा जो मोठा चौकोन दिवाळीच्या सुमारास रात्री डोक्यावर असतो, तोच. त्या चौकोनाच्या वायव्येला हे पाच ठिपके आहेत. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, उगाच मान मोडून घेऊ नका. स्तेफान यांच्या काळी या ठिपक्यांना ‘तेजोमेघ’ म्हणत. त्या दीर्घिका आहेत, आपल्या आकाशगंगेसारख्या स्वतंत्र वसाहती आहेत, हे ठरायला १९२०चं दशक उजाडलं. ‘स्टीफन्स क्विंटेट’ हे नाव पुढे रूढ झालं. हॉलिवूडच्या १९४६च्या एका प्रसिद्ध सिनेमात आकाशात बोलणारे देवदूत म्हणून हाच पंचक दाखवला आहे, इतका तो लोकप्रिय.

तर प्रश्न असा. आकाशात पाच वस्तू एकमेकींजवळ दिसल्या म्हणजे त्या खरोखरच जवळ असतात का? सप्तर्षीतले सातही तारे काही एका अंतरावर नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. आकाश म्हणजे आपल्यासाठी एक सपाट पडदा. खोली त्यात दिसत नाही, ती अनुमानानं काढावी लागते. दीर्घिकांच्या बाबतीत हे अनुमान रेडशिफ्टवरून होतं. वर्णपटातल्या रेषा तांबड्याकडे जितक्या जास्त सरकलेल्या, तितकी ती दीर्घिका वेगानं दूर जाणारी आणि म्हणून तितकी लांब.

१९६१ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज या दांपत्यानं या पंचकातल्या सर्व दीर्घिकांचे वेग मोजून एकत्र मांडले, आणि पंचाईत झाली. चार दीर्घिकांचे वेग सेकंदाला साधारण ५,८०० ते ६,७०० किलोमीटर. पाचवीचा, एनजीसी ७३२० हिचा, जेमतेम ८००. रेडशिफ्टचा नेहमीचा अर्थ घेतला तर चार दीर्घिका सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवर आहेत आणि पाचवी आपल्यापासून फक्त चार कोटींवर. म्हणजे ती त्यांच्यातली नव्हेच. कोणी घरातल्यांचा फोटो काढत असताना रस्त्यावरचा माणूस मध्ये आला, तशी.

पण सगळ्यांना हे पटलं नाही. कारण असा ‘मध्ये आलेला माणूस’ एकदाच सापडला नव्हता. कार्ल सिफर्ट यांनी १९५१ साली वर्णन केलेल्या सहा दीर्घिकांच्या गटातही एकीचा वेग बाकीच्यांहून भलताच वेगळा निघाला, तिथे तो चौपटीच्याही वर. इतक्या कमी गटांत इतके योगायोग? आर्मेनियाचे व्हिक्टर अंबार्त्सुम्यान १९५०च्या दशकापासून म्हणत होते की असे गट स्थिर नसून ते स्फोटानं विखरत चालले आहेत. आणि अमेरिकेचे हॉल्टन आर्प त्याहून पुढे गेले. विचित्र आकारांच्या दीर्घिकांचा त्यांचा छायाचित्रसंग्रह १९६६ साली निघाला. त्यात ३३८ नोंदी आहेत, आणि त्यातली ३१९वी म्हणजे हा पंचक. ३१८वी कोणती, ते लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडेच जायचं आहे. आर्प म्हणायचे, पाचही दीर्घिका एकत्रच आहेत, तुमचा रेडशिफ्टचा अर्थच चुकतो आहे. हे खरं ठरलं असतं तर विश्वाच्या प्रसरणाचा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागला असता. एका लहानशा गटावर केवढं ओझं होतं बघा.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना इथे आपले जयंत नारळीकर आठवतील. रेडशिफ्टचा सगळाच भाग वेगामुळे येत नसावा ही शक्यता त्यांनी गणिती पातळीवर तपासली, १९८० साली पी. के. दास यांच्याबरोबर आणि १९९३ साली खुद्द आर्प यांच्याबरोबर. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती वाट स्वीकारली नाही. आम्हालाही ती पटत नाही. एनजीसी ७३२० मधले सुटे तारे मोठ्या दुर्बिणींना दिसतात, बाकीच्या चारमधले तसे दिसत नाहीत. ती जवळची आहे यात आता शंका उरलेली नाही. पण ज्या काळात हे ठरलं नव्हतं, त्या काळात विरोधी पक्ष नीट मांडणं हेही काम असतं. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त सांगत नसत, ती पद्धत उगाच नव्हती. आर्प यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पालोमारच्या दुर्बिणीवर त्यांना वेळ मिळेनासा झाला आणि ते जर्मनीत म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत गेले.

याच सुमारास, १९८२ साली, कॅनडातले पॉल हिक्सन यांनी एक शिस्तीचं काम केलं. पालोमारच्या आकाश-सर्वेक्षणाच्या छायाचित्रांतून त्यांनी ठरावीक नियमांनी शंभर ‘घन गट’ निवडले. तेजात फार फरक नसलेल्या किमान चार दीर्घिका हव्यात, त्या दाटीवाटीनं असाव्यात, आणि भोवती मोकळी जागा असावी. नियम आधी, निवड नंतर. पंचकाला या यादीत ९२वा क्रमांक मिळाला. दहा वर्षांनी सगळ्यांचे वेग मोजून झाले तेव्हा शंभरातल्या ९२ गटांत निदान तीन दीर्घिका तरी एकाच वेगाच्या, म्हणजे एकाच अंतरावरच्या निघाल्या.

मग भांडण मिटलं का? नाही. उलट नवं सुरू झालं. या गटांत दोन दीर्घिकांमधलं अंतर दीड-दोन लाख प्रकाशवर्षं. तुलनेसाठी, आपण आणि देवयानी दीर्घिका यांच्यात पंचवीस लाख आहे. एकमेकींसापेक्ष वेग सेकंदाला दोनेकशे किलोमीटर. म्हणजे एका टोकाकडून दुसरीकडे जायला वीस-पंचवीस कोटी वर्षं पुरेत. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. इतक्या वेळात त्यांनी एकमेकींवर आदळून, मिसळून एकच गोळा व्हायला हवं होतं. जोशुआ बार्न्स यांनी १९८९ साली संगणकावर असाच एक गट चालवून बघितला, आणि शेवटी एक लंबवर्तुळी दीर्घिका शिल्लक राहिली. मग आज इतके गट जिवंत कसे? फ्रान्सच्या गॅरी मॅमन यांनी १९८६ साली सांगितलं की यातले बरेचसे गट घन नाहीतच. मोठ्या सैल गटातल्या काही दीर्घिका आपल्या दृष्टिरेषेवर एकामागे एक आल्या की दाटीचा भास होतो. वेग सारखे आहेत, कारण मोहल्ला एकच आहे, पण घर एक नाही.

हा आक्षेप रेडशिफ्टनं खोडता येत नाही, हे लक्षात घ्या. रेडशिफ्ट इतकं बारीक अंतर सांगतच नाही. दुसरा साक्षीदार हवा होता.

तो साक्षीदार म्हणजे वायू. कल्पना साधी आहे. दीर्घिकांचा गट खरोखर गुरुत्वानं बांधलेला असेल तर तिथे वस्तुमानाचा एक खोलगट खड्डा असतो, आणि तो बहुतांशी न दिसणाऱ्या वस्तुमानाचा. खड्ड्यात दीर्घिका जशा फिरतात, तसा मोकळा वायूही त्यात पडतो, आपटतो, तापतो. दीर्घिका जितक्या वेगानं फिरतात त्यावरून वायूचं तापमान काढता येतं. हजारो दीर्घिकांच्या महासमूहात वेग सेकंदाला हजार किलोमीटर असतो, तिथे वायू सात कोटी अंशांपर्यंत जातो. गटात वेग तीनशे असेल तर पासष्ट लाख अंश, आणि दोनशे असेल तर तीसच लाख. हा ‘तीसच लाख’मधला ‘च’ विसरू नका, सगळी कथा त्यावर आहे. इतका तप्त वायू डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात नव्हे, क्ष-किरणांत चमकतो. आणि असा वायू दीर्घिकांच्या मधल्या जागेत सलग पसरलेला दिसला तर तिथे खड्डा आहे, म्हणजे गट खरा आहे. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे आपलं जुनं अनुमान.

क्ष-किरण वातावरणातून खाली येत नाहीत, म्हणून उपकरणं वर न्यावी लागतात. १९७० साली डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून ‘उहुरू’ हा उपग्रह सुटला. उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. केनियाचा तो स्वातंत्र्यदिन होता. दीर्घिकांचे महासमूह क्ष-किरणांत झगमगतात हे त्यानं दाखवलं, आणि १९७६ साली एका महासमूहाच्या वर्णपटात लोहाची रेषा मिळाल्यावर तो तप्त वायूच आहे हे नक्की झालं. गटांचं तेज मात्र त्याहून शेकडो-हजारो पट मंद. १९७८च्या ‘आइन्स्टाइन’ उपग्रहाच्या चित्रांत नेटा बाकॉल आणि सहकाऱ्यांनी स्टीफन्स क्विंटेट आणि आणखी काही घन गट तपासले. त्यांचा निबंध १९८४चा. पंचकातून क्ष-किरण येतात हे कळलं, पण कुठून, हे अंधूकच राहिलं.

मग १९९०च्या जूनमध्ये जर्मनीच्या पुढाकारानं रोसाट गेला, आणि चित्र एकदम पालटलं. १९९३ साली दोन निबंध आले. जॉन मल्चे आणि सहकाऱ्यांना एनजीसी २३०० या लहानशा गटात एक कोटी अंशांचा वायू दूरवर पसरलेला सापडला, आणि बर्मिंगहॅमच्या ट्रेव्हर पॉनमन यांना हिक्सनच्या ६२व्या गटात. खड्डे खरे होते, आणि बरेच खोल होते. मॅमन यांच्या आक्षेपाला उत्तर मिळालं असं वाटलं.

पण यादी वाढू लागली तसा एक विचित्र ढंग दिसू लागला. ज्या गटांत वायू मिळत होता त्या सगळ्यांत निदान एक तरी मोठी लंबवर्तुळी दीर्घिका होती. म्हातारी, शांत, ताऱ्यांची घडण थांबलेली. ज्या गटांत फक्त सर्पिल दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या चक्राकार, वायू आणि तरुण तारे असलेल्या, तिथे रोसाटला काही दिसेना. मल्चे यांच्या १९९६च्या यादीत सर्पिलांच्या एकाही गटात पसरलेला वायू नव्हता. त्याच वर्षी पॉनमन यांनी हिक्सनच्या ८५ गटांची तपासणी छापली. २२ गटांत वायू थेट दिसला, आणि त्यांच्या हिशोबानं तो निदान पाऊण गटांत असायला हवा. शिवाय त्यांच्या यादीत सर्पिलांचेही काही गट होते, मंद, पण होते.

यात केवढं अडकलं होतं ते सांगतो. विश्वातल्या बहुतेक दीर्घिका महासमूहांत नाहीत, लहान गटांत आहेत. आपण स्वतः अशाच गटात राहतो, आकाशगंगा, देवयानी आणि त्यांची पिल्लावळ. आपला गट सर्पिलांचाच. सर्पिलांच्या गटांत वायू नसेल तर दोन अर्थ निघतात. एक, हे गट खरे नाहीत, दृष्टिभ्रम आहेत. दोन, ते खरे आहेत पण अजून कोसळून स्थिरावलेले नाहीत, वायू तापलाच नाही. आणि विश्वातल्या साध्या पदार्थाचा जो मोठा भाग ताऱ्यांच्या हिशोबात सापडत नाही, तो कुठे आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा अर्थही होता, आणि तो आमच्या जुन्या वर्गातला आहे.

भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. न दिसणं हेच नसण्याचं ज्ञान देतं. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, प्रत्यक्षातच ते बसतं. हा वाद आज सोडून देऊ. पण एका अटीवर सगळेच अडतात. ती अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे, घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेडात, डोळे चांगले असताना, समोरच्या जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. आणि पिशाच्च दिसलं नाही, यावरून पिशाच्च नाही असं म्हणता येत नाही, कारण ते असलं तरी दिसणाऱ्यातलं नाही. हे पिशाच्चाचं उदाहरण जुन्या ग्रंथांतलंच, आमचं नव्हे.

आता रोसाटला विचारा, तुझी अनुपलब्धी योग्य होती का? सर्पिलांच्या गटांत वेग कमी असतात. खड्डा उथळ, म्हणून वायू तीस लाख अंशांचा किंवा त्याहून थंड. अशा वायूचे क्ष-किरण फार मऊ असतात, आणि आपल्या आकाशगंगेतला थंड हायड्रोजन नेमके तेच वाटेत गिळतो. त्यातून जे सुटतं त्याला दुसरी अडचण. आपण स्वतःच दहा लाख अंशांच्या एका विरळ वायूच्या बुडबुड्यात बसलो आहोत, तो त्याच मऊ क्ष-किरणांत मिणमिणतो. म्हणजे धुक्यात उभं राहून पलीकडचं धुकं शोधायचं. आणखी एक. वायूचं तेज त्याच्या दाटपणाच्या वर्गानं बदलतं. दाटपणा निम्मा झाला तर तेज चौथाई. असलेला वायू थोडा पसरला की तो नजरेतून जातोच.

आणि सगळ्यांत बारीक मुद्दा, जो ऐकून आम्ही स्वतः थबकलो होतो. मंद तेज मोजताना चित्रातला एक ‘रिकामा’ भाग निवडतात, तिथलं तेज मोजतात आणि सगळ्यातून वजा करतात. गटाचा वायू त्या रिकाम्या भागातही पसरलेला असेल तर? मग आपण ज्याला शोधतो त्यालाच वजा करून टाकतो. १९९०च्या दशकात एकाच गटावरून दोन चमू उलटसुलट निष्कर्ष काढत होते ते बऱ्याच अंशी यामुळे. कोणी चुकार नव्हतं. ‘इथे काही नाही’ असं आधी कुठे म्हणायचं, यावर पुढचं सगळं ठरत होतं.

मल्चे यांची यात फार प्रामाणिक भूमिका होती. त्यांनी ‘दिसला नाही’ इतकंच म्हटलं, आणि त्याच वर्षी सुचवलं की सर्पिलांच्या गटातला वायू इतका कोमट असेल तर तो क्ष-किरणांत शोधू नका. मागच्या क्वेसारचा प्रकाश त्यातून येताना ऑक्सिजनच्या रेषा शोषल्या जातील, तिथे शोधा. दिव्याखाली किल्ली शोधणारा माणूस आणि जिथे पडली तिथे शोधणारा माणूस, यांतला फरक.

इकडे स्टीफन्स क्विंटेटचं काय झालं? ते ऐका, कारण धूर आणि अग्नीचं आमचं साधं अनुमान तिथे लंगडं पडलं. १९७२ सालीच नेदरलँड्सच्या वेस्टरबोर्क रेडिओ दुर्बिणीवर ॲलन आणि हार्टसाउकर यांना दीर्घिकांच्या मधोमध, कुठल्याच दीर्घिकेत नव्हे, एक रेडिओ पट्टा दिसला होता. रोसाटच्या बारीक नजरेला १९९७ साली क्ष-किरणांचा पट्टाही नेमका तिथेच दिसला. त्या निबंधाच्या लेखकांत वुल्फगांग पिएच, जिनेव्रा त्रिंकिएरी, जॅक सुलेंटिक यांच्याबरोबर चौथं नाव हॉल्टन आर्प यांचं आहे. आम्हाला हे नाव तिथे बघून बरं वाटलं होतं. अर्थ असा निघाला की एनजीसी ७३१८बी ही दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगानं गटात घुसते आहे. पूर्वीच्या टकरींतून मध्ये सांडलेल्या थंड वायूवर ती आदळते आणि त्या आघातानं वायू साठ-सत्तर लाख अंशांपर्यंत तापतो. पट्टा लाखभर प्रकाशवर्षांहून लांब आहे. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणींनी, दोन्ही १९९९ साली गेल्या, हे पक्कं केलं. २००६ साली स्पिट्झर दुर्बिणीनं तर कमाल केली. त्याच आघाताच्या जागी हायड्रोजनचे रेणू सापडले. लाखो अंशांच्या वायूशेजारी काहीशे अंशांचे रेणू, आणि त्यांचं तेज क्ष-किरणांहून जास्त.

म्हणजे इथे तप्त वायू आहे, पण त्याचा मोठा भाग खड्ड्यात स्थिरावून तापलेला नाही, ताज्या अपघातातला आहे. वायू दिसला म्हणून गट स्थिर आहे असं म्हणता येत नाही, आणि वायू दिसला नाही म्हणून गट खोटा आहे असंही नाही. दोन्ही बाजूंनी अनुमान सैल झालं. न्यायशास्त्रात याला व्यभिचारी हेतू म्हणतात, हेतू आणि साध्य यांची गाठ कायमची नसणं.

आता ३१८वी नोंद. आर्प यांच्या संग्रहात पंचकाच्या आधीच्याच पानावर असलेला हा गट हिक्सनच्या यादीत १६वा. तिमिंगल तारकासमूहात, सुमारे १८ कोटी प्रकाशवर्षांवर. चार दीर्घिका, एनजीसी ८३३, ८३५, ८३८ आणि ८३९, आणि जरा बाजूला पाचवी. सगळ्या सर्पिल घराण्यातल्या. दोघींच्या केंद्रात कृष्णविवरं जागी आहेत. ८३८ आणि ८३९ मध्ये ताऱ्यांची घडण इतक्या जोरात चालू आहे की फुटणाऱ्या ताऱ्यांचा वारा दीर्घिकेबाहेर वाहतो. भोवती थंड हायड्रोजनच्या लांबच लांब दोऱ्या. गट मोडायच्या आणि घडायच्या अगदी मध्यावर.

रोसाटच्या काळात याच गटावर खरी झटापट झाली. १९९५च्या एका अभ्यासात दीर्घिकांपलीकडे पसरलेलं तेज सापडलं नाही. १९९६ साली पॉनमन यांना ते सापडलं. १९९९ साली दोस सांतोस आणि मॅमन यांनी तीच निरीक्षणं पुन्हा चाळली. तेज आहे, पण सलग नाही, गुठळ्यागुठळ्यांचं आहे, आणि हा गट स्थिरावलेला मानता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅमन म्हणजे तेच, दृष्टिरेषेच्या भासाचा मुद्दा मांडणारे. २००३ साली एक्सएमएम-न्यूटनच्या निरीक्षणांवरून एलेना बेल्सोले आणि सहकाऱ्यांनी पसरलेला वायू आहे हे दाखवलं. आणि २०१४ साली चंद्राच्या दीर्घ निरीक्षणांवर यूअन ओसलिव्हन यांच्या चमूचा निबंध आला. वायू आहे. तापमान साधारण पस्तीस लाख अंश, म्हणजे अपेक्षेइतकंच कोमट. चारही दीर्घिकांना जोडणारा त्याचा एक कणा आहे, आणि त्या कण्यात सूर्याच्या सुमारे ६६० कोटी पट वस्तुमानाचा तप्त वायू. तो कणा थंड हायड्रोजनच्या दोरीशी काही ठिकाणी जुळतो, म्हणजे ऊन आणि गार एकाच जागी नांदतात. गट स्थिरावलेला नाही, हेही खरं. आणि यातला वीस ते चाळीस टक्के वायू बाहेरून खड्ड्यात पडलेला नसून ८३८ आणि ८३९ सारख्या दीर्घिकांच्या वाऱ्यांनी बाहेर फेकलेला असावा. मॅमन आणि पॉनमन, दोघंही त्या निबंधाचे लेखक आहेत. विरुद्ध बाजूंची माणसं पंधरा वर्षांनी एका कागदावर सही करतात, आणि कागदात दोघांचंही थोडं थोडं खरं निघालेलं असतं. तत्त्वज्ञानाच्या विभागांत आम्ही हे क्वचित पाहिलं.

या कामात क्ष-किरणांबरोबर रेडिओ चित्रंही वापरली, आणि त्यातली काही आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटीची. लेखकांत पुण्याच्या आयुकाचे पुढे संचालक झालेले सोमक रायचौधुरी आहेत. विज्ञानदिनाला खोडदला सर्वांसाठी दारं उघडतात. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही नातवाला घेऊन गेलो होतो. द्राक्षांच्या बागांमध्ये पंचेचाळीस मीटरच्या त्या जाळीच्या ताटल्या उभ्या, आणि नातू विचारतो, आजोबा, यातून आरपार दिसतं, मग हे पकडतं कसं? मीटरभर लांबीच्या लहरीला ती जाळी म्हणजे भिंतच, हे त्याला तिथल्या एका तरुण मुलीनं आमच्याहून फार चांगलं समजावलं.

मग सर्पिलांच्या गटांचा निकाल लागला म्हणायचा का? तसा नाही. जपानच्या नाओमी ओता यांच्या चमूनं २००४ साली हिक्सनचा ८०वा गट चंद्रानं पाहिला. सर्पिल-गटच, पण वेग बऱ्यापैकी जास्त, म्हणजे वायू पुरेसा तप्त आणि दिसणाऱ्यातला असायला हवा. दीर्घिकांच्या मध्ये काही मिळालं नाही. इथे खोलीत उजेड होता, डोळे चांगले होते. ही अनुपलब्धी आमच्या मते बरीच योग्य आहे, आणि म्हणून त्रासदायक.

आणि दुसरा हिशोबही जुळत नाही. ग्रानाडाच्या लुर्देस व्हेर्देस-मोंतेनेग्रो यांनी २००१ साली दाखवलं की घन गटांत थंड हायड्रोजन अपेक्षेच्या सरासरी चाळीस टक्केच आहे. उरलेला गेला कुठे? तापून क्ष-किरणांत गेला असेल, हे सोपं उत्तर. म्हणून २००८ साली येस्पर रासमुसेन यांनी मुद्दाम हायड्रोजनची तूट असलेले आठ गट निवडून क्ष-किरणांत पाहिले. चारांतच तप्त वायू मिळाला, आणि तुटीशी त्याचं सरळ नातं काही दिसलं नाही.

उलट २०२२ साली दोन गोष्टी काही महिन्यांच्या अंतरानं झाल्या. जुलैत जेम्स वेब दुर्बिणीनं पहिल्या चित्रांत स्टीफन्स क्विंटेट दाखवला, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच असेल. आणि ऑक्टोबरात चीनच्या फास्ट या पाचशे मीटरच्या रेडिओ दुर्बिणीनं त्याच पंचकाभोवती थंड हायड्रोजनचा वीस लाख प्रकाशवर्षं लांबीचा पसारा सापडल्याचं जाहीर केलं. इतका विरळ वायू इतक्या लांब, गटाच्या बाहेर, इतकी वर्षं विखुरल्याशिवाय राहिला कसा, हे त्या लेखकांनाही नीट उलगडलेलं नाही. जिथे आपण दीडशे वर्षं बघत आलो, तिथेच.

तर मागच्या वेळच्या त्या प्रश्नकर्त्यांना आमचं उत्तर बदलून घ्यावं ही विनंती. ते आज आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसले आहेत. चहा झाल्यावर पहिला प्रश्न त्यांचाच घेऊ.